वकील पगारावर की रिटेनरवर?

लोटे-परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत परदेशी इंजिनिअरिंग कंपनीचं प्रकल्पाचं काम सुरू झालं की हा प्रश्न येतोच: स्वतःचं लीगल खातं ठेवायचं की मुंबईच्या लॉ फर्मला रिटेनरवर, म्हणजे ठरावीक फी देऊन, बांधून घ्यायचं? खर्चाचं गणित इथे मांडत नाही, ते ज्याचं त्याचं वेगळं.

फर्मची बाजू लंगडी नाही. कोर्टात उभं राहायला बाहेरचाच वकील लागतो. पूर्णवेळ पगारी माणसाला बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे वकिली करता येत नाही. समोरच्याने शुक्रवारी दुपारी बँक गॅरंटी इन्व्होक केली, म्हणजे बँकेकडे हमीचे पैसे मागितले, तर मनाई हुकूम मागायला रोज कोर्टात वावरणारा हवा (आणि हुकूमही फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान दाखवता आलं तरच मिळतो). शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं (वकील-अशिलातलं बोलणं गोपनीय ठेवण्याचं) संरक्षण पगारी विधी अधिकाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून नाजूक मत लेखी घ्यायचं ते बाहेरूनच.

माझं पारडं फिरतं ते नोटिशीच्या मुदतीपाशी. फिडिकच्या (बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या) १९९९ च्या आवृत्तीत फोर्स मेजरची, म्हणजे पुरासारख्या आवाक्याबाहेरच्या घटनेची, नोटीस १४ दिवसांत, मुदतवाढ किंवा जादा पैशांची २८ दिवसांत, सविस्तर क्लेम ४२ दिवसांत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिथून मोजा: ५ ऑगस्ट, १९ ऑगस्ट, २ सप्टेंबर. पहिले दोन आठवडे साइटवरच्या माणसाचे चिखल उपसण्यात आणि विजेच्या मोटारी सुकवण्यात जातात. फर्मला कोणी मेल केली तरच कळतं; मग ती कागद मागते, मसुदा पाठवते, प्रोजेक्ट मॅनेजर ‘बघतो’ म्हणतो. यात आळशी कोणीच नसतं, पण तारीख कोणाच्याच टेबलावर नसते. करार कायद्याच्या कलम २८ खाली अशी हक्कच संपवणारी मुदत टिकते का, यावर भांडता येतं. फक्त ते भांडण लवादापुढे, पैसे अडकलेले असताना.

खात्यातला माणूस सकाळच्या साइट मीटिंगला बसतो. एक पानी नोटीस तयार ठेवतो: घटना, तारीख, कलम, ‘परिणाम नंतर कळवू’. रक्कम ठरलेली नसली तरी चालते. पत्ता मात्र करारातलाच हवा, व्हॉट्सॲपवर ‘कळवलं’ म्हणून भागत नाही. साइट डायरी, गेट रजिस्टर, उभ्या राहिलेल्या क्रेनचे तास यांवर त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो. पावसाचं तर खासच: रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नेहमीचाच, त्यामुळे ‘अतिवृष्टीने काम थांबलं’ एवढ्यावर क्लेम उभा राहत नाही. हवामान खात्याच्या मागच्या वर्षांच्या नोंदी जोडून हा पाऊस वेगळा कसा, ते दाखवावं लागतं. मुंबईहून आलेल्या मसुद्यात बहुधा नेमकं हेच नसतं.

अर्थात खातं पुण्यात आणि साइट जयगडला असेल, तर ते फर्मइतकंच लांब. मुख्यालयाच्या मंजुरीशिवाय नोटीस जात नसेल तरी तेच. त्यामुळे एकच माणूस ठेवा, पण साइटवर, आणि नोटिशीवर सही करायचा अधिकार त्याला लेखी द्या. गॅरंटी आणि लवाद फर्मकडे, प्रकरणागणिक. नेमणूक मे अखेरीआधी करा. जूनमध्ये रुजू झालेल्याला करार वाचायला सवड मिळत नाही.