बेळगावच्या पावसाळ्यातून गेलेली गादी आणि पलंग : वापरानंतरचा अनुभव

गादीबद्दलचे बहुतेक अभिप्राय पहिल्याच आठवड्यात लिहिलेले असतात, आणि पहिल्या आठवड्यात कोणतीही नवी गादी चांगलीच वाटते. आम्ही दिवाळीनंतर घरात दोन गाद्या आणि दोन पलंग नव्याने घेतले. थंडी, उन्हाळा आणि जूनपासूनचा सगळा पाऊस त्यांनी सोसला आहे, त्यामुळे आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो. शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंतच्या आपल्या पावसाच्या पट्ट्यात गादी कशाची आहे याला जितके महत्त्व आहे, तितकेच तिच्याखालून हवा खेळते की नाही यालाही आहे, आणि दुकानात नेमका हाच विषय कोणी काढत नाही.

आमचे घर शहापुरातले, पुढे कौलारू आणि मागे स्लॅबच्या खोल्या, अशा जुन्या-नव्याच्या मिश्रणाचे आहे. मागच्या बाजूची पश्चिमेकडील भिंत आषाढात ओल धरते. आमच्या खोलीसाठी सहा इंची गादी घेतली, जिच्यात खाली चार इंच फोम आणि वर दोन इंच नैसर्गिक लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेला थर आहे. आईसाठी पाच इंची, रबर लावलेल्या काथ्याची, म्हणजे दुकानदार जिला ‘कॉयर’ म्हणतात ती घेतली. आमचा पलंग खानापूरच्या सुताराकडून सागवानात करून घेतला आणि आईची कॉट प्लायची आहे. पुढच्या खोलीत पेटीचा जुना पलंग पूर्वीपासून आहे आणि त्यावर साधी फोमची गादी आहे. हे तिन्ही एकाच पावसाळ्यात, एकाच छपराखाली असल्यामुळे तुलना आपोआप झाली.

आधी कडकपणाविषयी. बेळगावच्या बाजारात कोणत्याही दुकानात शिरून कंबर दुखते असे म्हटले, की ‘ऑर्थो’ लिहिलेली गादी पुढे येते आणि “पाठीला कडकच पाहिजे की ओ” हे वाक्य ऐकू येते. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापण्यासाठी कोणत्याही डॉक्टरची परवानगी लागत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर स्पेनमध्ये झालेली एक चाचणी २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. तीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना नव्वद दिवसांनंतर अधिक आराम असल्याचे दिसले. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. मी कुशीवर झोपतो, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा व कमरेचे हाड गादीत थोडे रुतले नाही तर मणका सरळ राहत नाही; अगदी फळीसारख्या गादीवर पहाटेपर्यंत खालचा हात बधिर होतो. उताण्या झोपणाऱ्याने दुकानातच गादीवर पडून कमरेच्या पोकळीत तळहात सरकवून पाहावा. हात सैल फिरला तर गादी जास्त कडक आहे, शिरतच नसेल तर जास्त मऊ आहे आणि जरा ओढून शिरला तर ती गादी विचारात घेण्यासारखी आहे. यासाठी किमान दहा मिनिटे पडून राहावे लागते. दुकानात लोकांसमोर आडवे होण्याचा संकोच मात्र ज्याचा त्याने आवरायचा.

आईचे वजन कमी आहे आणि ती आयुष्यभर कापसाच्या गादीवर झोपलेली असल्याने तिला लेटेक्सचा लवचीकपणा रुचला नाही. “कुशीवर वळताना गादीच आपल्याला ढकलते” असे तिचे म्हणणे. तिला काथ्याची गादी पहिल्या रात्रीपासून मानवली. काथ्या मधोमध थोडा दबला आहे, पण महिन्याकाठी गादी उलटून आणि उशाची बाजू पायथ्याला करून घातल्याने खळगा पडलेला नाही. जड माणसासाठी मात्र मी कॉयर सुचवणार नाही.

फोमच्या बाबतीत दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे आकडे सांगतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन, आणि तो घरच्या घरी ताडून पाहता येतो, हे फारसे कोणी करत नाही. ७२ बाय ६० इंचांची, सहा इंच जाडीची गादी साधारण ०.४२ घनमीटर भरते. ती पूर्ण चाळीसच्या फोमची असेल तर खोळ सोडून तिचे वजन सुमारे सतरा किलो यायला हवे, आणि बत्तीसची असेल तर साडेतेरा किलो. आमच्या गादीतल्या चार इंच फोमचे वजन या हिशेबाने अकरा किलोंच्या आसपास येते; लेटेक्स फोमपेक्षा बरेच जड असते, त्यामुळे दोन इंचांचा थरही जवळजवळ तेवढाच भरतो. दुकानदाराला वजनकाट्यावर गादी ठेवायला सांगितल्यावर तो आधी हसला, मग त्याने ठेवली आणि वजन हिशेबाला धरून निघाले. तरीही वजनावर डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण स्वस्त फोममध्ये खडूसारखी पूड मिसळून तो जड केला जातो. असा फोम हाताला खरखरीत लागतो, दाबून सोडल्यावर रेंगाळत वर येतो आणि लवकर बसतो. खोळीला चेन असेल तर ती उघडून आतला थर डोळ्यांनी पाहावा, आणि चेन उघडू न देणाऱ्याकडून गादी घेऊ नये.

मेमरी फोम आम्ही घेतला नाही, पण माझ्या बहिणीकडे खानापुरात आहे. १९६६ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी, विमानाच्या आसनांकरिता शोधला गेलेला हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत ताठर राहतो. तिकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंथरुणात शिरल्यावर तो सुरुवातीला चक्क कडक लागतो, आणि एप्रिलमध्ये अंग त्यात रुतून घाम येतो. लेटेक्समध्ये आरपार बारीक छिद्रे असतात आणि ते थंडी-उन्हाने फारसे बदलत नाही. गेल्या उन्हाळ्यात पंखा मध्यम वेगावर ठेवूनही पाठ चिकट झाली नाही, ही या गादीची मला सर्वांत जाणवलेली गोष्ट.

आता पावसाळ्याकडे येतो. झोपेत माणसाच्या अंगातून बाहेर पडणारा घाम आणि वाफ गादीतून खाली झिरपत जाते. खाली सपाट प्लाय असेल तर ती वाफ तिथे अडते, आणि बाहेर आठवडा आठवडा सूर्यदर्शन नसेल तर सुकत नाही. जुलैच्या मध्यास मी पुढच्या खोलीतल्या पेटीच्या पलंगावरची गादी एका कडेने उचलली, तेव्हा खालच्या कापडावर, नेमक्या पाठीच्या आणि कमरेच्या जागी, मोहरीएवढे काळपट ठिपके उठलेले दिसले. प्लायवर हात ठेवला तर तो थंड आणि किंचित ओलसर लागला. पेटीत ठेवलेल्या वाकळींना कुबट वास येत होता. त्याच दिवशी आमच्या सागवानी पलंगावरची गादी उचलून पाहिली तर खालचे कापड कोरडे होते. ओलीची भिंत आमच्याच खोलीत आहे, हे विशेष.

फरक पलंगाच्या तळाचा होता. आमच्या पलंगाला अखंड फळी नाही. तीन इंच रुंदीच्या पट्ट्या सुमारे दोन इंचांच्या फटी सोडून बसवल्या आहेत. फट तीन इंचांहून मोठी ठेवू नये, नाहीतर फोम तिच्यात उतरून गादी लाटेसारखी होते. पाच फूट रुंदीच्या पलंगाला मधोमध एक आडवे दांडके आणि त्याला जमिनीपर्यंत पाय हवाच. आईच्या कॉटवरचा प्लाय सुताराने बसवण्याआधी खाली घेतला आणि त्याला सहा-सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोके पाडली. एवढ्यानेही पुरेसे भागले. हे काम जुन्या पेटीच्या पलंगावरही करता येते आणि आम्ही ते ऑगस्टमध्ये करून घेतले. तेव्हापासून ठिपके वाढलेले नाहीत, वास मात्र अजून पूर्ण गेलेला नाही.

गादीखाली हवा कशी खेळणार, या प्रश्नावर “प्लाय वॉटरप्रूफ आहे” हे उत्तर गैरलागू आहे. आय. एस. ३०३ या भारतीय मानकातला बी. डब्ल्यू. आर. (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा किंवा आय. एस. ७१० या मानकाचा मरीन प्लाय स्वतः फुगत नाही, सोलत नाही, म्हणून तो घ्यावाच. पण पाणी न शोषणारा प्लाय वाफही खाली जाऊ देत नाही, आणि गादीचे रक्षण त्याने होत नाही. पार्टिकल बोर्डाचा तयार पलंग आपल्याकडे एखाद्या पावसात कडांनी फुगतो आणि बोल्टची जागा सैल होते, त्यामुळे तो दिसायला कितीही सुबक असला तरी टाळावा. पलंग भिंतीला टेकवण्याऐवजी अर्धा फूट अंतर सोडले तर ओलीचा त्रास आणखी कमी होतो.

यातच आपल्या एका लाडक्या सवयीचा उल्लेख करतो. नवी गादी मळू नये म्हणून कारखान्याचे प्लास्टिक महिनोन् महिने तसेच ठेवून वर पलंगपोस घालणारी घरे मी आमच्याच गल्लीत पाहिली आहेत. ते प्लास्टिक म्हणजे बुरशीला दिलेले निमंत्रण आहे. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, ज्यांच्यामुळे अनेकांना सकाळी शिंकांचा त्रास होतो, तेही हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या वर गेला की जोमाने वाढतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे प्रमाण त्याच्या कितीतरी वर असते. चादरी आणि अभ्रे साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुतले तर ते मरतात. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण घडी करून पलंगपोस घालण्यापेक्षा अर्धा तास गादी उघडी ठेवून पंखा सुरू ठेवणे उपयोगाचे ठरले.

नवरात्राआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन गाद्या उन्हात टाकण्याची आपली पद्धत कापसाच्या गादीसाठी उत्तम होती. लेटेक्सला मात्र कडक ऊन सोसत नाही. त्याने ते पिवळे पडते, कडक होते आणि भुगा सुटू लागतो. ते सावलीत, वाऱ्यावर उभे करून ठेवावे. कॉयरच्या काथ्यालाही रबरानेच बांधलेले असते, त्यामुळे तिलाही सकाळचे कोवळे ऊन पुरे. आईला हे नियम पटलेले नाहीत. कापसाच्या गादीला मी नावे ठेवत नाही: ती श्वास घेते, गठ्ठे झाले तर उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरता येते आणि दर काही वर्षांनी नवी होते. पण गल्लीत येणारे, कापूस पिंजणारे नदाफ आता क्वचितच दिसतात, आणि पावसाळ्यात दमट झालेली कापसाची गादी एका माणसाला हलवत नाही. तसे पाहिले तर लेटेक्सची गादीही एकट्याने फिरवणे कठीणच आहे, आणि थर वेगवेगळे असल्याने ती उलटता येत नाही, फक्त उशाची बाजू बदलता येते.

उंचीचा विचार वृद्ध माणसांसाठी वेगळा करावा. काठावर बसल्यावर पाऊल जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजे आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. आईसाठी कॉट चौदा इंच आणि गादी पाच इंच, असे एकोणीस इंच ठेवले, आणि रात्री उठताना तिचा हात आधारासाठी भिंत शोधत नाही. दुकानातल्या पेटीच्या पलंगांवर आठ इंची गादी टाकली की हीच उंची सहज पंचवीसच्या घरात जाते.

मापाबद्दल एवढेच, की आधी गादी ठरवावी आणि मग पलंग करावा. सुतार फुटांत बोलतो, गादी इंचांत येते. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाला ७२ इंच लांबी अपुरी पडते, त्याने ७८ घ्यावी.

बहिणीने ऑनलाइन मागवलेली गादी गुंडाळून खोक्यात आली होती. ती फुलायला दोन दिवस लागले आणि रासायनिक वास जायला आठवडा लागला. शंभर रात्रींची चाचणी असे जाहिरातीत होते, पण परत करायची म्हटल्यावर तिच्या पिनकोडवरून माल उचलण्याची सोय नाही असे कळवण्यात आले. तालुक्याच्या गावांतून मागवणाऱ्यांनी हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. वॉरंटीचेही तसेच आहे. आमच्या कार्डावर दहा वर्षे लिहिली आहेत, परंतु एक इंचापेक्षा जास्त खळगा पडला तरच दावा मानला जाईल आणि गादीवर डाग असल्यास मुळीच नाही, अशी बारीक अक्षरातली अट आहे. धुता येणारी सुती खोळ पहिल्या दिवसापासून घालण्याचे हेही एक कारण.

अथणी, रायबागकडच्या वाचकांना यातला पावसाचा भाग इतका लागू होणार नाही. तिकडे पाऊस कमी, हवा कोरडी आणि उन्हाळा कडक, त्यामुळे तिथे अखंड प्लायवरही गादी टिकेल आणि खर्च करायचाच तर तो थंड राहणाऱ्या वरच्या थरावर करावा. खानापूर तालुक्यातल्या भरपूर पावसाच्या जांबोटी, कणकुंबीकडे मात्र फटींच्या पलंगाशिवाय कोणतीही महागडी गादी घेऊ नये. आमच्या वरच्या खोलीसाठी आता पाहुण्यांकरिता एक पलंग करायचा आहे. त्यावर काथ्याचीच पाच इंची गादी घालणार आहोत, कारण लेटेक्सची किंमत तिच्या दुपटीहून जास्त पडते आणि आमचे पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहत नाहीत.