फॅनफिक: लिहीत लिहीत टाकायची की पूर्ण करून मग?

पहिली मोठी फॅनफिक, म्हणजे आवडत्या सिरियल-पुस्तकातली पात्रं घेऊन आपण रचलेली गोष्ट, लिहायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरला हा प्रश्न येतोच, जेवढं झालंय तेवढं आत्ताच पोस्ट करून पुढचं लिहीत राहायचं, का सगळी स्टोरी संपवून मगच टाकायची. वनशॉटवाल्यांना, म्हणजे एकाच भागात संपणारी गोष्ट लिहिणाऱ्यांना, ही भानगड नाही, लिहिलं, एकदा वाचलं, टाकलं. पण डोक्यात पन्नास हजार शब्दांची स्लो बर्न (हळूहळू जुळत जाणारं प्रेम) असेल, वीस चॅप्टर, प्रत्येकी अडीच हजार, तर रोज ५०० शब्द धरले तरी १०० दिवस होतात, आणि रोज ५०० हे कॉलेजची सबमिशन्स, नोकरी, घरातली लग्नकार्यं हे सगळं सांभाळून सलग कुणाला जमतं? म्हणजे धरा पाच-सहा महिने. एवढे महिने कुणालाच न दाखवता लिहीत बसायचं का, खरा प्रश्न हा आहे.

माझं मत आधीच सांगते. पहिलीच मोठी स्टोरी असेल तर कच्चा ड्राफ्ट शेवटपर्यंत लिहा आणि मग दर आठवड्याला एक चॅप्टर असं सोडा. लिखाण पूर्ण, पोस्टिंग मात्र हप्त्याहप्त्याने. काही जणांना हे अजिबात चालणार नाही, त्यांचंही पुढे येतंय.

आधी लिहीत लिहीत टाकणाऱ्यांची बाजू, कारण ती बाजू खरंच मोठी आहे. चॅप्टर टाकला, सकाळी उठून मेल उघडला आणि कुणीतरी ओळख ना पाळख असलेल्याने तीन परिच्छेदांची कमेंट केलीये, तुमचंच वाक्य कॉपी करून त्याखाली आपण का रडलो ते लिहिलंय, याच्याइतकं लिहायला बसवणारं दुसरं काही नाही. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून जे होत नाही ते एका कमेंटने होतं. इंडिया फोरम्स या साइटवर हिंदी सिरियल्सच्या फॅनफिक वाचलेल्यांना हे आठवत असेल, चॅप्टरच्या शेवटी सिरियलसारखाच प्रीकॅप (पुढच्या भागाची झलक), खाली वाचणाऱ्यांचं 'रेस', म्हणजे जागा अडवून ठेवायची आणि नंतर निवांत एडिट करून कमेंट लिहायची, आणि अपडेट आला की पीएम पाठवायची यादी. लिहिणारी आणि वाचणाऱ्या मिळूनच ती स्टोरी पुढे नेत होत्या. ही मजा पूर्ण स्टोरी एकदम टाकणाऱ्याला मिळत नाही, आणि ती क्षुल्लक आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता त्याची किंमत. पोस्ट झालेला चॅप्टर तांत्रिकदृष्ट्या बदलता येतो, पण वाचलेलं वाचकाच्या डोक्यातून काढता येत नाही. बाराव्या चॅप्टरला लक्षात येतं की हिच्या भावाला दुसऱ्या चॅप्टरमध्येच आणायला हवं होतं, त्याच्याशिवाय हे भांडण पटतच नाही, तेव्हा दोनच रस्ते उरतात, एक तर मागे जाऊन बदल करायचे आणि ऑथर्स नोटमध्ये "प्लीज चॅप्टर २ परत वाचा" म्हणून विनंती करायची (बहुतेक जण वाचत नाहीत), नाहीतर भावाला पुढेच कुठेतरी कसंतरी घुसवायचं. दुसरं म्हणजे कमेंटचा ओढा. साइड कॅरॅक्टर सगळ्यांना आवडायला लागतं, मग त्याचे सीन वाढतात, मूळ जोडी मागे पडते, आणि जो शेवट डोळ्यासमोर ठेवून सुरुवात केली होती तिथे पोचायचा रस्ताच हरवतो. कमेंट येणं थांबलं तर त्याहून वाईट, कारण लिहायची सवय कमेंटवर टेकलेली असते, सातव्या चॅप्टरवर शांतता पसरली की आठवा लिहायला हात उठत नाही. परीक्षा येतात, हायएटस (लांबलचक खंड) लागतो, महिन्याचे सहा महिने होतात, खाली "अपडेट कधी?" साठत जातं आणि ते बघून लॉगिन करायचीच भीती वाटायला लागते. अर्धवट राहिलेल्या किती तरी स्टोऱ्या अशाच थांबलेल्या दिसतात, लिहिणारा आळशी होता म्हणून नाही.

हप्त्याहप्त्याने गोष्ट वाचणं आपल्याकडे काही नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येत होत्या, आणि त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. स्वतःचं साप्ताहिक, दर आठवड्याला छापायची सक्ती, तरी हे झालं. आपल्याला तर सक्तीही नाही.

पूर्ण लिहून टाकण्याचा मोठा फायदा हाच की बाराव्या चॅप्टरला सुचलेला भाऊ दुसऱ्या चॅप्टरमध्ये गुपचूप बसवता येतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. बीटाला, म्हणजे पोस्ट करण्याआधी वाचून तपासून देणारीला, सगळी स्टोरी एकत्र वाचायला देता येते. चॅप्टरमागून चॅप्टर तपासणारी बीटा शुद्धलेखन बघते, फार तर एखादा सीन लांबलाय म्हणते, पण "मधले चार चॅप्टर काहीच होत नाहीये" हे तिला सगळं हातात आल्यावरच दिसतं.

पण यात एक खड्डा आहे आणि पहिल्यांदा लिहिणारे बरेच जण त्यात पडतात: पूर्ण करायची म्हणून ठेवलेली स्टोरी पूर्णच होत नाही. कुणी वाट बघत नसतं, त्यामुळे पहिले तीन चॅप्टर पुन्हा पुन्हा चकाचक करत बसायचं आणि चौथा लिहायचाच नाही. यावर मला ठाऊक असलेले उपाय साधे आहेत. शेवटचा चॅप्टर किंवा निदान शेवटचा सीन आधी लिहून टाकायचा, म्हणजे कुठे जायचंय ते पक्कं होतं. संपेपर्यंत मागचं एडिट करायचं नाही, सुचलेला बदल वेगळ्या नोटमध्ये टिपून ठेवायचा आणि तो बदल झालाच आहे असं धरून पुढे लिहायचं. आणि एकटीने न लिहिता डिस्कॉर्डवर किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर वीस-वीस मिनिटांचे स्प्रिंट लावायचे, वेळ संपली की प्रत्येकीने आकडा सांगायचा. फोनवर टाइप करणाऱ्यांनी जीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग करून बघा, संवाद तर बोलूनच जास्त चांगले उतरतात, विरामचिन्हं नंतर घालता येतात.

नोव्हेंबरमध्ये ५०,००० शब्द लिहायच्या नॅनोरायमो या उपक्रमाने कित्येक फॅनफिकवाल्यांना हीच शिस्त लावली होती, दिवसाला १,६६७ शब्द पडतात त्यात. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण तेच टार्गेट आपलं आपण लावून घेता येतं. माझ्या मते मात्र फॅनडममधली (एकाच गोष्टीच्या चाहत्यांच्या गोतावळ्यातली) बिग बँग जास्त कामाची. त्यात मोठ्या स्टोरीचा ड्राफ्ट ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो, एखादी आर्टिस्ट तो निवडून त्यावर चित्रं काढते आणि दोन्ही ठरलेल्या दिवशी पोस्ट होतं. आपल्या ड्राफ्टवर दुसऱ्या कुणाचं काम अडलंय म्हटल्यावर माणूस लिहितोच. एवढं झेपत नसेल तर यूलटाइड हा एकमेकांसाठी फॅनफिक लिहायचा उपक्रम बघा, २००३ पासून दर वर्षी होतं, छोट्या फॅनडम्ससाठी, किमान १,००० शब्द, २५ डिसेंबरला स्टोऱ्या उघडतात. संपवायची सवय लागायला तेवढं पुरतं.

आता कुठे टाकणार यावरही बरंच ठरतं, कारण प्रत्येक जागेची यंत्रणा वेगळी आहे.

एओथ्रीवर, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर, यादी मुळात शेवटच्या अपडेटच्या तारखेने लागते. नवा चॅप्टर टाकला की स्टोरी पुन्हा वर येते. वीस चॅप्टर एका दिवशी टाकले तर वर यायची एकच संधी मिळते, वीस आठवड्यांत टाकले तर वीस. तिथे कुणी अल्गोरिदम लावून तुमची स्टोरी लोकांसमोर ढकलत नाही, त्यामुळे ही वर येण्याची संधीच सगळं काही आहे. दुसरीकडे वाचकाला फक्त कंप्लीट वर्क्सचं फिल्टर लावता येतं आणि अर्धवट स्टोऱ्यांनी पोळलेले बरेच जण ते लावतात, त्यांना '७/?' (सात झाले, एकूण किती ते माहीत नाही) लिहिलेली तुमची स्टोरी दिसणारच नाही. पण ड्राफ्ट तयार असला तर पहिल्याच दिवशी '१/२०' लिहिता येतं, आणि तो वीसचा आकडा बघून सबस्क्राइब करणारे वाचक असतात. कुडोज, म्हणजे तिथला लाइक, एका वाचकाला एका स्टोरीला एकदाच देता येतो, त्यामुळे दहाव्या चॅप्टरनंतर कुडोज मंदावले म्हणून खचू नका, जुने वाचक परत देऊच शकत नाहीत. आणि हे नीट लक्षात ठेवा, पोस्ट न केलेला ड्राफ्ट एओथ्री महिन्याभराने पुसून टाकतं. लिहायची जागा म्हणून ते वापरूच नका, गूगल डॉक्समध्ये लिहा आणि एक कॉपी वेगळी ठेवा.

वॉटपॅड या दुसऱ्या गोष्टींच्या साइटवर उलटं. तिथे व्होट प्रत्येक चॅप्टरला वेगळा, कमेंट ओळीओळीवर, वाचक मुख्यतः मोबाइल ॲपवर आणि वयाने लहान, त्यामुळे लिहीत लिहीत टाकणाऱ्याला हवी ती हाक लगेच मिळते, आणि छोटे छोटे चॅप्टर वारंवार टाकलेले तिथे जास्त चालतात. जाहिराती मात्र आहेत. एओथ्री देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, पण अकाउंटसाठी इन्व्हिटेशनच्या रांगेत थांबावं लागतं. एओथ्रीवरची स्टोरी ईपब किंवा पीडीएफ करून उतरवता येते, त्यामुळे वर्षांनंतरही ती कुणाच्या तरी फोनमध्ये असते. प्रतिलिपीवर मराठी वाचक सगळ्यात जास्त मिळतील हे खरं, पण तिथला मामला स्वतःच्या मूळ कथांचा आणि कमाईचा आहे, दुसऱ्याची पात्रं घेऊन तिकडे जाऊ नका. एओथ्रीवर भाषा म्हणून मराठी निवडता येते, फक्त मराठी स्टोऱ्या फारच थोड्या आहेत, त्यामुळे मराठीत लिहिणार असाल तर कमेंटच्या आशेवर लिखाण टेकवू नका, आधी पूर्ण करा. इथे तर मला पर्यायच दिसत नाही.

आता ज्यांना माझा सल्ला चालणार नाही त्यांचं. मूळ सिरियल किंवा ॲनिमे अजून चालू असेल आणि तुमची स्टोरी कालच्या एपिसोडनंतर काय होईल यावर असेल तर सहा महिने थांबण्यात अर्थ नाही, तोवर मूळ कथाच ते खोटं पाडेल, आणि वाचक जी चर्चा करतायत ती आज करतायत. अशा वेळी लिहीत लिहीतच टाका, फक्त चार-पाच चॅप्टर पुढचे कायम हातात ठेवा आणि नवा चॅप्टर लिहून झाल्याशिवाय जुना सोडू नका.

आणि ज्यांना वाचकांशिवाय लिहिताच येत नाही (असे लोक असतात आणि त्यात काही चूक नाही) त्यांनी एक मोठी स्टोरी करण्याऐवजी त्याच जगातले वनशॉट लिहावेत आणि एओथ्रीच्या सिरीजमध्ये जोडत जावेत. प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण, त्यामुळे पाचव्यानंतर थांबलात तरी कुणी लटकत नाही, सहावा सुचला तर वर्षाने जोडता येतो, आणि कमेंट दर वेळी मिळतात. शिवाय कुडोजही दर तुकड्याला नव्याने मिळतात.

आत्ता वाचत असताना तुमचे सात-आठ चॅप्टर आधीच पोस्ट झालेले असतील आणि पुढचं अडलं असेल तर ते काढून टाकू नका. "सध्या थांबवतेय, उरलेली पूर्ण लिहून झाली की एकदम सुरू करेन" अशी एक स्पष्ट नोट वर टाका, तारीख देऊ नका, आणि उरलेली कुणाला न दाखवता लिहायला घ्या. पुढे कधी त्या स्टोरीशी आपलं नावच नको असं वाटलं तर एओथ्रीवर ऑर्फन करायची सोय आहे, नाव निघतं, स्टोरी आणि तिच्याखालच्या कमेंट राहतात, आणि ज्यांनी ती बुकमार्क करून ठेवलीये त्यांना ती वाचता येते.