एमजीबीच्या ब्रेक लाइन: कशावर पैसे घालायचे, कशावर नाही

जुनी एमजीबी (ब्रिटनची दोन दारी स्पोर्ट्स कार) घेतली की महिन्याभरात सुट्या भागांचा कॅटलॉग उघडला जातो, आणि ब्रेकच्या पानावर नजर खिळते ती स्टीलची चकचकीत वीण असलेल्या होजवर, म्हणजे चाकापाशी लागणाऱ्या लवचिक नळीवर. त्या होजकडे येऊच. पण आधी मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाची, पाइपं कुठे कुठे जातात ते बघा.

१९६२ साली एमजीबी आली तेव्हा तिला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि चारही चाकांत मिळून एकच सर्किट, म्हणजे ऑइलची एकच सलग वाट होती. म्हणजे एका ठिकाणी पाइप फुटला की पेडल थेट तळाला. मग हँडब्रेक आणि देव. अमेरिकेच्या नियमांमुळे १९६८पासून तिकडे जाणाऱ्या गाड्यांना पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं मिळालं. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्या मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं एकेरीवरच होत्या.

तुमची गाडी एकेरी असेल तर खरा निर्णय इथेच आहे. दुहेरीला जायचं तर टँडम, म्हणजे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर हवा, तो बसवायला पेडल बॉक्स (पेडलं ज्यात बसतात ती पेटी) बदलावा लागतो आणि बॉनेटखालची पाइपं नव्याने वळवावी लागतात. काम किचकट आहे, गाडीचं मूळ रूप थोडं बिघडतं, आणि ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. बदल्यात मागचा पाइप गेला तरी पुढचे ब्रेक शाबूत राहतात. घरातली माणसं घेऊन लांब फिरणार असाल तर हे करा. वर्षातून चार-पाच उन्हाळी रविवारी गाडी बाहेर निघत असेल, तर एकेरीच ठेवून सगळी पाइपं आणि होज नवी घालणं मला पुरेसं वाटतं. गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवून प्रदर्शनात उभी करणाऱ्यांनी तर एकेरीच ठेवावी.

आता पाइपं. मूळची स्टीलची, ३/१६ इंची. स्टील दाबाला भक्कम आणि स्वस्त, पण ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि पाइप क्लिपखाली, जिथे दिसत नाही तिथेच गंजतो. (मुंबईत समुद्राजवळ ठेवलेल्या गाडीला रस्त्यावरच्या मिठाची गरज नाही, हवाच ते काम करते.) नुसतं तांबं हाताने वाकतं म्हणून हौशी माणसाला आवडतं, पण कंपनाने ते कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. ते घेऊ नका. स्टेनलेसला गंजाची भीती जवळजवळ नाही, पण त्याचं टोक जोडात घट्ट बसेल असं नीट फुलवायला (फ्लेअर करायला) भारी टूल आणि सरावलेला हात लागतो. दोन्ही नसतील तर जोडातून पाझरतं आणि नट कितीही आवळला तरी थांबत नाही. राहिला तांबं-निकेलचा पाइप. सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. गंजत नाही, गुडघ्यावर टेकवून वळतो, साध्या फ्लेअरिंग टूलने फुलतो. माझी निवड डोळे झाकून हीच. टोकांचा आकार मात्र डोळे उघडे ठेवून जुळवा: जुना पाइप फेकून न देता शेजारी ठेवायचा, एकेरी फुलवलेलं टोक कुठे आणि दुहेरी, म्हणजे आत दुमडलेलं, कुठे ते पाहूनच नवं करायचं.

वीणवाल्या होजकडे येतो. एमजीबीला लवचिक होज तीनच: पुढे दोन, मागे एक. जुना रबरी होज आतून फुगतो. कधी इतका की पेडल सोडल्यावरही दाब उतरत नाही आणि चाक धरून राहतं. लोक कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) दोष देतात, दोष होजचा असतो. टेफ्लॉनच्या नळीवर स्टीलची वीण असलेला होज कमी फुगतो, पेडल टणक लागतं. पण थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही, ते टायरवर आणि पॅडवर ठरतं. जुन्या रबराऐवजी वीणवाला घातला म्हणून जो ‘जमीन-अस्मानाचा फरक’ सांगितला जातो, त्यातला बराचसा नव्या रबराने, कमी पैशांतही मिळाला असता. वीण ज्याला घासेल ते कापते, आणि आतल्या नळीची अवस्था बाहेरून दिसत नाही. ट्रॅकवर जात असाल तर घ्या, प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच. नाहीतर चांगला रबरी बसवा.

ब्रेक ऑइलबद्दल थोडक्यात. (नावात ऑइल असलं तरी इंजिनाचं तेल त्यात चुकूनही पडू देऊ नका, सगळी रबरं फुगतील.) नेहमीचं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) गाडीचा रंग खातं आणि हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, कोकणात पावसाळा काढणाऱ्या गाडीला त्याहूनही लवकर. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला हात लावत नाही आणि ओलावा शोषत नाही, पण त्यात बारीक बुडबुडे अडकून पेडल मऊ लागतं. सुरुवातीच्या एमजीबींत मागचा लाल दिवा लावणारा स्विच ब्रेकच्या दाबावर चालतो, आणि सिलिकॉनमुळे तो मरतो ही जुनी तक्रार आहे. दोन्ही एकत्र तर कधीच नाही. मी डॉट ४वर आहे आणि बाटली उघडली की मडगार्डवर जाड फडकं टाकतो.

ब्रिटनमध्ये २०१८पासून ४० वर्षांवरच्या, मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. शेवटची एमजीबी १९८०ची, म्हणजे तुमच्या गाडीखाली आता कुणी सक्तीने वाकणार नाही. म्हणून काम झालं, पाइपांतली हवा काढली, की कुणाला तरी पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा आणि स्वतः टॉर्च घेऊन प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, पुढचा होज टायरला किंवा कशालाही टेकतोय का ते पाहायचं. शंभर मैल झाल्यावर हे पुन्हा एकदा.