स्टेज वन रीमॅप, काही महिने चालवून झाल्यावर: फाइलवरचा ९३ आणि पंपावरचा ९५

दोन लिटर टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, त्यावर स्टेज वन रीमॅप, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये (ईसीयू) ट्यूनरची नवी फाइल. बूस्ट (टर्बोचा दाब) वाढतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे जातं, खालच्या आरपीएमलाच टॉर्क मिळतो आणि गाडी वेगळीच वाटायला लागते, हे सगळं खरंय आणि तुम्हाला माहितीये. मला लिहायचंय ते फाइलच्या नावातल्या एका आकड्याबद्दल, कारण त्यापायी ट्यूनरच्या सपोर्टशी इतकी डोकेफोड झाली की बाकीचं सगळं मागे पडलं.

पैसे भरले की तीन फाइल मिळतात: ९१, ९३ (हा पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेटायला ते किती विरोध करतं त्याचा आकडा) आणि ई३० (३० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी). माझ्याकडच्या पंपावर ९५ आणि ९८ मिळतं. सपोर्टला विचारलं कुठली टाकू, उत्तर आलं की ९५ हे ९३ पेक्षा जास्तच आहे, बिनधास्त ९३ टाका. टाकली. हवा थंड होती तोवर गाडी भन्नाट पळाली. ऊन वाढलं तशी मधल्या आरपीएमला बसल्यासारखी वाटायला लागली, पाय पूर्ण दाबलाय पण ढकलणं एकसारखं नाही, मध्येच ढिली पडते आणि परत उचलते. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते बरोबरच आहे, हल्लीचा ईसीयू नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारे ठोके) कानापर्यंत येऊच देत नाही.

मग लॉग (गाडी चालताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) काढला. तिसरा गिअर, २५०० पासून फुल थ्रॉटल. बूस्ट ठीक, मिक्श्चर ठीक, पण सिलिंडरवार टायमिंग करेक्शनमध्ये (ईसीयूने टायमिंग किती अंश मागे घेतलं ते) तीन नंबरच्या कॉलमात शून्य, मग -१.५, मग -३, मग -४.५. तिथून हळूहळू वर येतं आणि परत आपटतं. बाकीचे तीन -१, -२ च्या आसपास. ईसीयू नॉक दिसला की टायमिंग झटक्यात मागे घेतो आणि परत देताना मात्र थोडं थोडं करून देतो, म्हणजे वरच्या फाइलची जास्तीची पॉवर जिथे पाहिजे तिथेच गायब. सपोर्ट म्हणालं प्लग बघा. एक आणि तीन नंबरचे प्लग, कॉइल अदलाबदल केले, गॅप कमी केला, तरी करेक्शन तीन नंबरलाच. मग म्हणाले नॉक सेन्सर काम करतोय म्हणजे इंजिन सेफ आहे. हे उत्तर मला आजही पटत नाही. नॉक सेन्सर शेवटचा पहारेकरी आहे, प्रत्येक वेळी पाय दाबला की त्यानेच वाचवायचं असेल तर त्या इंधनाला ती फाइल चालत नाही, इतकं साधं आहे.

खरी गोम आकड्यात होती. ट्यूनरची ९३ म्हणजे एकेआय, अमेरिकेत आणि कॅनडात पंपावर लिहितात तो आकडा. माझ्या पंपावरचा ९५ म्हणजे रॉन, ऑक्टेन मोजायची वेगळी पद्धत. एकेआय म्हणजे रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी. दोन्ही चाचण्या कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनावरच होतात, पण रॉनची ६०० आरपीएमला आणि मॉनची ९०० ला, तेही मिक्श्चर जवळपास १५० अंशांपर्यंत तापवून, म्हणून पेट्रोलचा मॉन रॉनपेक्षा साधारण ८ ते १२ ने कमी येतो. हिशोब मांडला की ९३ एकेआय म्हणजे जवळपास ९८ रॉन, आणि ९१ एकेआय म्हणजे ९५-९६. म्हणजे माझ्या ९५ ला ९१ ची फाइलसुद्धा जेमतेम पुरते, ९३ ची तर गोष्टच सोडा. पैसे घेऊन फाइल विकणाऱ्याने नावापुढे एकेआय की रॉन एवढंही लिहू नये याचा मला राग आहे, आणि ते कळल्यावर तेव्हाच एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

पण पुढे मत बदललं. ९८ भरून ९३ चीच फाइल चालवली आणि तीन नंबरचा कॉलम बहुतेक शून्यावर आला, कधीतरी -१.५. फाइल चांगली बनवलीये, हे मान्य करायलाच पाहिजे. फक्त ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापून आत जाणारी हवा ६० अंशांच्या पुढे गेली की परत -३ दिसतं.

म्हणून ९१ ची फाइल आणि ९८ चं पेट्रोल अशी जोडी लावली. आधी जिवावर आलं, महाग पेट्रोल भरायचं आणि खालची फाइल चालवायची म्हणजे पैसे वाया असंच वाटत होतं. ऑक्टेन जास्त म्हणून लिटरमागे ऊर्जा जास्त नसते, आणि या फाइलमध्ये ईसीयू फाइलमध्ये ठरलेल्याच्या पुढे टायमिंग देत नाही, म्हणजे ९८ ने पॉवर वाढणार नाहीच. पण गरम दिवशी लागोपाठ पाय दाबला तरी प्रत्येक वेळी गाडी तशीच ओढते आणि चारही कॉलम शून्य! माझ्या मते स्टेज वन रोज चालवायची तर हीच रीत, फाइल इंधनापेक्षा एक पायरी खाली. थंडीत ९५ वर ९१ चालून जाते, तेवढे पैसे वाचतात, ऊन वाढलं की ९८.

मॅप, म्हणजे चालू फाइल, स्टिअरिंगवरच्या बटणांनी बदलता येतो, ही सोय मस्त. पण टाकीतलं पेट्रोल बटणाने बदलत नाही. पाव टाकी ९५ उरलं असताना वर ९८ भरलं तर मिळतं ९७ आणि थोडं, अर्धी उरली असेल तर ९६.५. त्यामुळे टाकी तळाला गेल्याशिवाय मी वरच्या मॅपवर जात नाही.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीच्या फंदात पडणार नाही. बाटलीवर ३० पॉइंट लिहिलेलं असतं तेव्हा तो बऱ्याचदा ३ ऑक्टेनचा हिशोब असतो, आणि मँगनीजवाल्या बूस्टरने प्लगवर विटकरी थर बसतो. तेवढ्या पैशात ९८ भरा.

टॉप गिअरला १५०० वर असताना पाय दाबू नका, हे वेगळं सांगतो. तिथे होणारं प्री-इग्निशन (ठिणगीआधीच मिश्रण पेटणं) ऑक्टेन वाढवून सुटेलच असं नाही, तिथे गिअर खाली टाकणं आणि एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर तसं लिहिलेलं) इंजिन ऑइल कामाला येतं.

ई३० अजून टाकलेली नाही. इथेनॉलचा रॉन १०८ च्या आसपास आणि बाष्पीभवन होताना सिलिंडर थंडही करतं, त्यामुळे मोह होतोच. पण पेट्रोलला १४.७ ला १ हवा लागते, इथेनॉलला ९ ला १, म्हणजे इंधन जास्त सोडावं लागतं आणि हाय प्रेशर पंप आधीच फुल थ्रॉटलला काठावर आहे, रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा इंधनाचा दाब) लॉगमध्ये खाली झुकताना दिसतं. शिवाय मिसळायला जे ई८५ (जास्त इथेनॉलवालं इंधन) घ्यायचं त्यात इथेनॉल नक्की किती ते नावावरून कळत नाही, अमेरिकेत त्याच नावाखाली ५१ ते ८३ टक्के काहीही चालतं. इथेनॉल सेन्सर बसवेपर्यंत ती फाइल तशीच पडून राहणार.

ताजं अपडेट: नव्या व्हर्जनमध्ये फाइलच्या नावात एकेआय आणि रॉन दोन्ही आकडे आलेत. माझ्या एका स्टारचे तीन झाले, उरलेले दोन सपोर्टच्या त्या उत्तरामुळे अडकलेत. हेच इंजिन असलेल्यांनी तिसऱ्या गिअरचा लॉग दाखवा, टायमिंग सगळ्यांच्याच तीन नंबरवर पडतं की माझ्याच, हे मला अजून कळलेलं नाही.