जिल्हा दैनिकाची ई-पेपर वर्गणी: आठ महिने वापरल्यावर (अडलंय ते दुरुस्तीच्या ओळीत)

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक दैनिक, वर्षाला 600 रुपये, त्यात ई-पेपर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. जून ते जानेवारी वापर झाला. अंक सकाळी वेळेवर येतो, पानं नीट उघडतात, तालुक्याच्या बातम्या भरपूर. त्यात खोट नाही. खोट ग्रुपवर होती: बातमीला तारीख, वेळ आणि ठिकाण नसायचं.

जुलैत "चिपळूण बाजारपेठेत पाणी शिरलं" असा व्हिडिओ ग्रुपवर पडला. तो 22 जुलै 2021 च्या पुरातला होता. व्हिडिओ पडला त्या दिवशी वाशिष्ठी नदी पात्रातच होती. दुकानातला माल माळ्यावर चढवायचा का, गाडी बहादूरशेख नाक्याकडे घालायची का, हे लोक अशा व्हिडिओवर ठरवतात. दोनदा फसले की तिसऱ्यांदा खरा इशाराही कोणी मनावर घेत नाही. नुकसान खरं तिथं आहे.

असा व्हिडिओ तपासायचा तर एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारं साधन) टाकायचा. दुकानाची पाटी किंवा पुलाचा कठडा स्पष्ट दिसेल अशी फ्रेम घ्यायची, नुसत्या पाण्याची घेतली तर काही हाती लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप अनेकदा पुढे पाठवलेल्या मेसेजवर दाखवतं त्या दुहेरी बाणावर विसंबू नका. कोणी व्हिडिओ उतरवून घेऊन पुन्हा चढवला की बाण जातो आणि जुना माल ताजा दिसतो.

पावसाच्या आकड्यांचंही तेच. "तालुक्यात 80 मिमी" एवढंच लिहायचे. हवामान खात्याचा दिवस सकाळी 8.30 ते दुसऱ्या सकाळी 8.30, त्यामुळे आकडा कालचा की आजचा हे कळायला हवं. शिवाय तालुक्याचा आकडा सरासरी असतो. नुकसानीच्या मदतीसाठी अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला तर. सरासरी 50 असली तरी एखाद्या मंडळात 90 पडलेला असू शकतो, आणि तिथल्या भातवाल्याला मंडळाचाच आकडा लागतो.

भरतीच्या वेळेला तारीख नसेल तर ती वेळ निरुपयोगीच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिच्या आकड्याची पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ग्रुपवरची वेळ याच्याशी तासाभराहून जास्त चुकली तर ती बहुधा दुसऱ्या दिवसाची आहे. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आलं की खाडी पाणी घेत नाही आणि गावात पाणी तुंबतं, म्हणून ही वेळ एवढी महत्त्वाची.

ऑगस्टात इथे दोन तारे दिले होते. ते आता तीन करतो. गणपतीनंतर पोस्टच्या पहिल्याच ओळीत "स. 7.10, परशुराम घाट, एकेरी वाहतूक, प्रत्यक्ष पाहणी" असं यायला लागलं. "प्रत्यक्ष पाहणी" आणि "पोलिसांकडून माहिती" हा फरकही लिहितात. एवढ्या दोन शब्दांनी ग्रुप कामाचा झाला. ज्याने कोणी हे सुरू केलं त्याचे मनापासून आभार.

चौथा तारा मात्र अडकलाय. चूक झाली की पोस्ट गुपचूप काढून टाकतात. ज्यांनी वाचून पुढे पाठवली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती जातच नाही. 6 जानेवारीला पत्रकार दिनाची पुरवणी काढली, पहिल्या पानावर पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आणि 1832 चं 'दर्पण'. त्याच संध्याकाळी एसटीच्या वेळापत्रकाची चुकीची पोस्ट नुसती पुसली, खाली एक ओळ नाही.

छापील अंकातल्या चुकीला निदान वाट आहे. आधी संपादकांना लेखी कळवायचं. समाधान झालं नाही तर दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. अंकाचं कात्रण आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा. ग्रुपवरच्या पोस्टसाठी हा रस्ता नाही, म्हणून पोस्ट आली की वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा.

संपादकांना लेखी मागणी केली आहे: चुकलेली पोस्ट ठेवा, तिलाच उत्तर देऊन खाली "दुरुस्ती" लिहा, वेळ टाका. जूनमध्ये वर्गणी संपते. तोवर हे सुरू झालं तर 600 रुपये आनंदाने भरेन, नाही तर नुसता छापील अंक.