छोट्या लेकवर (तळ्यावर) पाँटून की बोरायडर? लाटांच्या हिशोबाने

मिनेसोटात केबिन, म्हणजे लेककाठचं सुट्टीचं घर, घेतली की पुढच्या उन्हाळ्याच्या आत बोटीचा विषय निघतोच, आणि सध्या ओळखीतले दोघं-तिघं नेमके त्याच टप्प्यावर आहेत, म्हणून प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. हॉर्सपॉवर किती, सीट किती, स्पीकर कसले हे तुम्ही डीलरकडे बघितलंच असणार, ते सोडून देतो. आणि हे फक्त छोट्या लेकपुरतं हां. मिनेटोंका किंवा मिल लॅक्ससारख्या मोठ्या लेकवर बोट टाकणार असाल तर गणितच वेगळं. आमचा लेक लांबीला मैलभर, रुंदीला जिथे सगळ्यात जास्त तिथे बाराशे फूट, आणि दोन्ही काठांना डॉकच डॉक, म्हणजे बोटी बांधायचे धक्के.

माझ्याकडे आधी बोरायडर (पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली स्पीडबोट) होती, आता पाँटून (लांब पोकळ नळ्यांवर सपाट डेक बसवलेली बोट) आहे. बोरायडर वाईट अजिबात नव्हती. वळणावर अशी काही झुकते की मजा येते, वाऱ्याने पाणी खवळलं तरी व्ही आकाराचा तळ लाटा कापत जातो, मुलांना फुगवलेल्या ट्यूबवर बसवून मागे ओढायला तर तिच्यासारखी नाही. दिसायलाही देखणी, ते मान्यच आहे.

पण एका गोष्टीने माझं डोकं उठायचं. आम्हाला लेकवर नक्की काय करायचं असतं? संध्याकाळी पुण्याहून आलेले आई-बाबा, थर्मासमधला चहा, डब्यात पोहे, आणि काठाकाठाने गप्पा मारत फिरायचं. या फिरण्याचा स्पीड म्हणजे साधारण ताशी आठ ते बारा मैल, आणि बोरायडरला नेमका तोच स्पीड मानवत नाही. पाचच्या खाली ती पाण्यात बसून शांत चालते, (तरी स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा मागे बाहेर, असेल तर डावी-उजवी भटकत राहते, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं), वीसच्या वर गेली की पाण्यावर चढते, म्हणजे प्लेनवर येते, तेव्हाही लाट तशी आटोक्यात असते. मधे मात्र नाक वर, बूड खाली, आणि सगळं वजन मागचं पाणी ढकलत नांगरत जातं, सगळ्यात मोठी लाट तिथेच निघते. त्यात पाहुणे हमखास मागच्या सीटवर बसतात, म्हणजे बूड अजून खाली. आपण इकडे पोह्यांवर लिंबू पिळतोय आणि तिकडे शेजाऱ्यांची बांधलेली बोट डॉकवर धडका खातेय, काठावरची आजी पुस्तक खाली ठेवून आपल्याकडे बघतेय. मिनेसोटातली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, हसून हात हलवतात, ते जास्त लागतं.

बरं मग प्लेनवरच चालवा म्हणाल, तर मैलभराचा लेक ताशी पंचविसाने अडीच मिनिटांत संपतो. मग थ्रॉटल कमी करायचा, की परत नाक वर, आपलीच लाट मागून येऊन बोटीला ढुसणी देते आणि पुढे कोणाच्या तरी डॉककडे निघून जाते. मोठ्या लेकवर हे नांगरणं दिवसातून दोन-चारदा होतं, छोट्यावर दर फेरीला.

पाँटूनला तो मधला स्पीड चालतो, माझ्यासाठी फरक एवढाच आणि एवढाच पुरेसा. लांब नळ्यांवर वजन पसरलेलं असतं, नाक फारसं उचलत नाही, दहाच्या स्पीडला मागे बघितलं तर लाट दिसते पण उगीच दिसल्यासारखी. मी काही पट्टी लावून मोजली नाहीये आणि तीन नळ्यांची, मोठ्या इंजिनची पाँटून घेऊन जोरात हाणली तर तीही लाटा करणारच. पण आमच्या खाडीत मे-जूनमध्ये लून या पाणपक्ष्याचं घरटं असतं, अगदी पाण्याच्या कडेला, थोडी मोठी लाट आली तरी अंडी वाहून जातील असं, तिथून जाताना आता जीव मुठीत धरावा लागत नाही.

तोटे आहेत, लपवत नाही. आडवा वारा असेल तर डॉकला लावताना पाँटून पत्र्याच्या छपरासारखी वाऱ्यावर जाते, पहिल्या सीझनला घरच्यांसमोर शोभा होणार हे धरून चाला. आणि दुसऱ्या कोणाची मोठी लाट जोरात कापायला गेलात तर नळ्यांची टोकं पाण्यात घुसतात आणि पुढे बसलेल्यांची आंघोळ होते. मुलं पंधरा-सोळाची असतील आणि ट्यूबिंग हाच मेन प्रोग्राम असेल तर बोरायडर घ्या, मी वाद घालणार नाही. फक्त डॉकपासून हळू निघून मधोमध जाऊन मगच थ्रॉटल द्या, दोघांना पुढे बसवा, मोटर आत ट्रिम करा (तिचा खालचा भाग बोटीकडे झुकवा) म्हणजे पटकन प्लेनवर येईल, आणि एकाच ठिकाणी गोल गोल फिरू नका, लाटा एकमेकींवर चढून काठापर्यंत पोचतात. डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) म्हणतं काठापासून आणि डॉकपासून निदान २०० फूट लांब राहा. लाटेने कोणाचं नुकसान झालं तर ते चालवणाऱ्याच्याच गळ्यात येतं, हे इन्शुरन्स घेतानाही लक्षात असू द्या.

वेकसर्फ बोटीबद्दलही (मागे सर्फिंग करता यावं म्हणून मुद्दाम मोठी लाट काढणारी बोट) एकाने विचारलं होतं. मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या लॅबने २०२२ मध्ये रिपोर्ट काढला त्यानुसार साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते तेवढी व्हायला वेकसर्फच्या लाटेला ५०० फुटांच्या वर अंतर लागतं. आमच्या बाराशे फुटांतून दोन्हीकडचे पाचशे वजा करा. उरलेल्या पट्टीत सर्फिंग करायचं की गस्त घालायची ते तुम्हीच ठरवा.

आणि अजूनही दोन्हींमध्ये अडकला असाल तर टेस्ट राइडला एकटे जाऊ नका, घरची सगळी माणसं न्या, त्यांना हवं तिथे बसू द्या (मागेच बसतील), विकणारा फुल थ्रॉटल दाखवायला उत्सुक असेल, त्याला म्हणा दहावर ठेव पाच मिनिटं, आणि पूर्ण वेळ मागे बघत बसा.