देवगडच्या बागेला रत्नागिरीचं टायटल: 'पहिल्या नंबरच्या हमी'ला मी कसा फसलो

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एका काकूंचा फोन आला. २०२०च्या लॉकडाऊनपासून त्या आमच्याकडून आंबा घेतात. दर वर्षी दोन पेट्या, एक घरी आणि एक लेकीकडे. आवाज नेहमीसारखा नव्हता. "अहो, तुम्ही आता रत्नागिरीचा आंबाही ठेवता का? आणि हे 'चीप हापूस' काय आहे?"

मला काही कळेना. त्यांनी आमच्या साइटची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती, चार लोकांनी आमच्याकडून घ्यावं म्हणून. लिंकबरोबर जो छोटा चौकोन येतो, त्यात लिहिलं होतं: "देवगड हापूस, बेस्ट हापूस, रत्नागिरी हापूस, चीप हापूस पुणे, चीप हापूस मुंबई, ओरिजिनल..." सगळं इंग्रजीत, एका दमात. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, हा बागायतदार आहे की व्यापारी? काकूंना उत्तर देता आलं नव्हतं.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "मेल्या, आमी रत्नागिरीचो आंबो कधीपासून विकूक लागलंव?"

रत्नागिरीच्या आंब्याशी आमचं वैर नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आणि आमचा सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्हे आहेत. पण 'देवगड' म्हणून भलतंच काही विकणाऱ्यांनी आमच्या नावाची किती माती केलीय, हे इथल्या कुणालाही विचारा. त्याच २०२५च्या हंगामापासून देवगड हापूसच्या एकेका फळावर युआयडी (प्रत्येक फळाचा वेगळा ओळख) क्रमांकाचं स्टिकर लागायला लागलं. म्हणजे आम्ही पडवीत बसून फळाफळावर 'हा देवगडचाच' असं चिकटवत होतो आणि आमच्या साइटच्या कपाळावर उलटंच लिहिलेलं होतं. ते लिहून घ्यायला, साइट गुगलवर पहिल्या नंबरला यावी म्हणून, मी पैसे मोजले होते. २५ हजार. हंगामाच्या मध्यातल्या दहा-बारा पेट्यांचे.

सुरुवात जानेवारीत झाली. मोहोराच्या फवारण्या चालू होत्या, मी बागेत होतो. फोनवर एक गोड बोलणारा मुलगा. "सर, मी गुगल पार्टनर कंपनीतून बोलतोय." मी 'गुगल' एवढंच ऐकलं. आता कळलंय की गुगल पार्टनर हा जाहिरातींचं काम करणाऱ्या एजन्सींचा कार्यक्रम आहे. जाहिरातींखाली जे साधे निकाल येतात, त्यांच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही, आणि त्या क्रमासाठी गुगल कुणाकडून पैसे घेत नाही. पण फवारणीचा पंप पाठीवर असताना माणूस एवढा विचार करत नाही.

संध्याकाळी त्याने एक पीडीएफ पाठवली. 'तुमच्या साइटमध्ये ४७ चुका', लाल अक्षरांत. बहुतेक मला कळल्या नाहीत, पण तीन त्याने फोनवर समजावून सांगितल्या. एक, कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी) नाही. दोन, काही टायटलं ६० अक्षरांपेक्षा मोठी. तीन, मुख्य पानाचं टायटल नुसतं 'होम'.

तिसरी चूक खरी होती, आणि तिथेच मी अडकलो. साइट भाच्याने लॉकडाऊनमध्ये घाईत उभी केली होती. टायटल म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते, आणि गुगलच्या यादीत ज्या ठळक ओळीवर आपण बोट ठेवतो ते. पानावरच्या मोठ्या शीर्षकापेक्षा ते वेगळं असतं, आत कोडमध्ये लिहिलेलं. आमच्या मुख्य पानाचं तिथे खरोखरच 'होम' होतं. जगात अशी किती 'होम' असतील! माणूस आपली एक दुखरी नस बरोबर दाबतो, मग उरलेल्या ४६ गोष्टींवर आपण आपोआप विश्वास ठेवतो.

उरलेल्यांची गत अशी. कीवर्ड टॅग आपण क्रमासाठी वापरत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९मध्येच जाहीर केलंय. सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या गोष्टीच्या औषधाचे पैसे मी दिले. आणि ६० अक्षरांचा नियम गुगलचा नाहीच. टायटल कितीही लांब असू शकतं, फक्त फोनच्या किंवा संगणकाच्या रुंदीत मावेल तेवढं दिसतं, पुढे तीन टिंबं. तेव्हा कामाचे शब्द आधी लिहावेत, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे साठाच्या वर अक्षरं गेली म्हणून ज्याने मला घाबरवलं, त्याने स्वतः लिहिलेलं टायटल मी नंतर मोजलं. दोनशेच्या पुढे होतं.

"तीन महिन्यांत पहिला नंबर, लेखी हमी." ही हमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, लेटरहेडवर नाही. १५ हजार आगाऊ. यूपीआयवर कंपनीचं नाव न येता कुणा व्यक्तीचं नाव आलं, तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "सर, अकाउंट्सवाल्या मॅडमचं आहे." बिल मागितलं तर "मंथ एन्डला". ते आजतागायत आलेलं नाही. गुगलच्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. ते मी वाचलं मे महिन्यात.

साइटचा पासवर्ड दिला. एकदा मी भीत भीत म्हटलं, आपली गिऱ्हाइकं मराठी, साइट मराठी, तर टायटल मराठीत नको का? तो हसला. "सर, मराठीत कोण सर्च करतं?" मी गप्प बसलो. स्वतःच्या भाषेबद्दल आपण किती पटकन गप्प बसतो, याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. बारा शब्दप्रयोग, प्रत्येकापुढे '१' किंवा '२', हिरव्या गोलात. सोबत स्क्रीनशॉट. त्याच दिवशी उरलेले १० हजार पाठवले. घरी पेढे आणले नाहीत एवढंच.

फोन वाढले नाहीत. एप्रिलमध्ये तर कमी झाले. तो म्हणायचा, "सर, गुगलला टाइम द्या." आंब्याच्या धंद्यात टाइम कुठून आणायचा? मार्च ते मे, संपला हंगाम.

मेच्या सुट्टीत भाचा आंबे खायला आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, कारण साइट त्याने केलेली आणि मी परस्पर दुसऱ्याच्या हातात दिलेली. काकूंच्या फोननंतर मात्र लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "मामा, सर्च कन्सोल उघडून बघितलंस का?"

सर्च कन्सोल हे गुगलचंच फुकट साधन. आपली साइट कोणकोणत्या शब्दांना किती वेळा दिसली, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, सरासरी कितव्या जागी होती, हे सगळं त्यात १६ महिन्यांपर्यंत मागचं दिसतं. भाच्याने ते २०२०मध्येच माझ्या जीमेलला जोडून ठेवलेलं होतं. पाच वर्षांत मी एकदाही उघडलं नव्हतं. आणि त्या 'एक्स्पर्ट'ने ते एकदाही मागितलं नव्हतं. जमिनीचा सातबारा न बघता सौदा करणाऱ्या दलालासारखं हे, पण माझ्या लक्षात आलं नाही.

रिपोर्टमधले बारा शब्दप्रयोग आम्ही तिथे एकेक करून शोधले. पाचांत आमच्या बागेचं नाव होतं. स्वतःच्या नावाने शोधलं तर आपण पहिले येणारच, त्याला कसला एक्स्पर्ट लागतो! सहा जण कुणीही टाइप करणार नाही असे लांबलचक होते, 'केमिकल फ्री ट्री टू होम देवगड हापूस बॉक्स डिलिव्हरी पुणे कोथरूड' या धर्तीचे. यादीत त्यांचं नावच नव्हतं. अगदी तुरळक शोध सर्च कन्सोल दाखवत नाही, हे खरं. पण रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे 'हाय व्हॉल्यूम' लिहिलेलं होतं, आणि तसं असतं तर ते दिसलेच असते. बारावा शब्द मात्र दमदार होता, 'देवगड हापूस ऑनलाइन'. त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये आम्ही सगळ्यात वर! भाच्याने चित्र मोठं केलं. वरची कड कापलेली होती, आणि कापल्या जागी अर्धवट उरलेली एक ओळ. 'प्रायोजित'. त्या 'एक्स्पर्ट'ने थोडे पैसे टाकून एखाद्या दिवसाची जाहिरात चालवली असणार, त्यातलंच हे चित्र. साध्या निकालांत त्या शब्दाला आमची सरासरी जागा होती ४१.

आता टायटलचं नुकसान. आमची १४ पानं. त्याने चौदाही पानांना तेच एक लांबलचक इंग्रजी टायटल चिकटवलं होतं. दराचं पान, आंबा घरी कसा पिकवावा हे सांगणारं पान, साका (आतला गर पांढरट, घट्ट होणं) का होतो ते सांगणारं पान, सगळ्यांच्या कपाळी 'चीप हापूस'.

गुगल असं टायटल मुकाट्याने दाखवत नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पद्धत बदलली, तेव्हापासून कोंबलेल्या शब्दांचं किंवा सगळ्या पानांना सारखंच असलेलं टायटल दिसलं की बऱ्याचदा पानावरचं ठळक शीर्षक उचलून दाखवतात. जून २०२२मध्ये आणखी एक गोष्ट जाहीर केली: पानाची भाषा किंवा लिपी एक आणि टायटलची दुसरी असेल, तरी ते बदललं जाऊ शकतं. म्हणजे मराठी पानांना इंग्रजी टायटल देऊन त्याने कामच केलं नव्हतं, वर बिघाड केला होता. आमच्या काही पानांवर धड शीर्षक होतं, तिथे गुगलने सावरून घेतलं. दराच्या पानावर शीर्षकाच्या जागी नुसता आंब्याचा फोटो होता. त्या पानापुढे यादीत फक्त आमच्या साइटचं नाव दिसत होतं. भाव शोधणाऱ्या माणसाला 'भाव' हा शब्दच दिसेना. आणि व्हॉट्सअ‍ॅप काहीच सावरत नाही. आत जे लिहिलंय ते जसंच्या तसं बाहेर.

दराच्या पानावर २०२४च्या मार्च-एप्रिलमध्ये शोधातून ३१२ जण आले होते. २०२५मध्ये त्याच दोन महिन्यांत ९४. सगळा दोष टायटलचा नसेल, असं भाचाच म्हणाला, स्पर्धक वाढलेत. मी मात्र तो दोष त्या 'एक्स्पर्ट'ला बिनदिक्कत देतो.

आणि ते 'मराठीत कोण सर्च करतं'? सर्च कन्सोलमधले आमचे वरचे दहा शोध बाबांना वाचून दाखवले. सहा देवनागरीत होते. 'हापूस पेटी भाव', 'आंबा पिकवण्याची पद्धत', 'आंब्यात साका'. उरलेल्यांत दोन मराठीच, फक्त रोमन अक्षरांत. बाबा आयुष्यभर वाशीच्या दलालांच्या हिशेबाच्या पट्ट्या वाचत आले. भाडं, हमाली, एकेक वजावट बोट ठेवून विचारणार. त्यांनी तो हिरव्या गोलांचा रिपोर्ट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाले, "ह्या पट्टीत आपलो माल खंय आसा?" हा प्रश्न मी मार्चमध्ये विचारायला हवा होता.

पासवर्ड बदलला. त्या 'एक्स्पर्ट'ला फोन केला तर आधी "मीटिंगमध्ये आहे", मग नंबरच बंद. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढे अडवता येण्याची शक्यता. मी दोन-चार महिन्यांनी जागा झालो. वर त्याने 'काम' केलेलंच होतं, टायटलं बदललीच होती की! ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही नोंद केली. व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा असेल तर त्याला अपवाद आहे, हे छोट्या बागायतदारांनी ध्यानात ठेवा. माझ्याकडे बिल नाही, पत्ता नाही, त्यामुळे अपवादाचाही उपयोग झाला नाही.

नवीन टायटलं आम्ही पडवीतच बसून लिहिली. भाच्याची अट एकच: त्या पानावर जे आहे तेच, आणि गिऱ्हाईक फोनवर जे शब्द वापरतं तेच. मुख्य पान, 'देवगड हापूस थेट बागेतून' आणि पुढे बागेचं नाव. दराचं पान, 'हापूस आंबा पेटीचे दर, हंगाम २०२५', आणि पानावर फोटोच्या वर तसंच शीर्षक. 'कच्चा हापूस घरी कसा पिकवावा'. 'हापूसमध्ये साका का होतो'. पिकवण्याच्या पानावर अढीचा मजकूर बाबांनी सांगून लिहून घेतला, आधीचा त्यांना पटलाच नव्हता. चौदा टायटलांना दुपारचा चहा धरून दोन तास लागले. खर्च शून्य.

बदल केला की लगेच दिसत नाही. गुगलने पान पुन्हा वाचावं लागतं, त्याला काही दिवस ते काही आठवडे. सर्च कन्सोलमधून विनंती करता येते, ती केली. पण २०२५मध्ये मॉन्सून २५ मेलाच देवगडला पोचला. झाडावरचा उरलासुरला आंबा पावसात गेला आणि मोहोर गळून गेल्यावर फवारणी करावी तशी आमची टायटलं जूनमध्ये नीट दिसू लागली.

दराच्या टायटलात वर्ष घातलंय, ते जुनं राहिलं तर लोक पान शिळं समजतात. म्हणून बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानात, दुसऱ्या फवारणीच्या तारखेखाली, लिहून ठेवलं: 'टायटल – साल बदलणे'. परवा मी ते बदललं आणि दराची लिंक पुण्याच्या काकूंना पाठवली. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.